पुरे आणि पुढे : प्रस्तावना

गिरगावातल्या हमरस्त्याची वर्दळ मागे टाकून जो कोणी खोताच्या वाडीत शिरतो त्याची चाल पाचपंचवीस पावलांतच मंदावते, कारण दोन माणसे शेजारी शेजारी चालली आणि तिसरे समोरून आले तर एकाने ओट्याला चिकटावे एवढीच ती गल्ली रुंद आहे. आणि ज्या ओट्याला चिकटायचे त्यावर बहुधा कोणीतरी बसलेले असते, व ते विचारपूस केल्यावाचून पुढे सोडत नाही. अशाच एका ओट्यावर, लाकडी कठड्याला पाठ टेकून, माझे बालपण गेले. वडील रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकून होते. त्यांच्या तोंडचा शब्द 'पुरे'. ताटात वाढताना पुरे, कपड्यांची गोष्ट निघाली की पुरे, पगाराचा विषय निघाला की दुप्पट निश्चयाने पुरे. आईच्या तोंडचा शब्द 'पुढे'. मुलांचे पुढे काय, छपराचे पुढे काय, या महिन्याच्या पुढे काय. दोघेही रविवारी एकाच बाकावर बसून एकच मिस्सा ऐकत, एकाच वेदीपुढे गुडघे टेकत, आणि घरी येताना एकजण तेथून 'पुरे' घेऊन येई व दुसरी 'पुढे'. या दोन शब्दांपैकी ख्रिस्ताचा शब्द कोणता, हा प्रश्न मला त्या वयात पडला. पुढील प्रकरणांत जे काही मांडले आहे ते सारे त्याच प्रश्नापोटी जन्मले आहे.

उपदेशकांनी या प्रश्नाची वासलात फार सोपेपणाने लावली आहे, असे माझे मत आहे. महत्त्वाकांक्षा हा जगाचा गुण आणि संतोष हा स्वर्गाचा, अशी वाटणी करून ते मोकळे होतात. किंवा मग दोन्ही थोडे थोडे असावे, जेवणात मीठ जेवढे असावे तेवढे, असा मध्यममार्ग सांगतात. पण शास्त्र उघडून पाहिले तर तेथे मध्यममार्ग दिसत नाही. फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्रात प्रेषित पौल, आणि तोही बंदिवासातून, असेल त्या स्थितीत संतुष्ट राहायला आपण शिकलो असल्याचे सांगतो. आणि त्याच पत्रात, अवघे एक पान अलीकडे, मागचे विसरून पुढच्याकडे झेपावत लक्ष्याच्या रोखाने धावणाऱ्या स्पर्धकाचे चित्र तो स्वतःचे म्हणून रेखाटतो. ही दोन विधाने एकाच माणसाची, एकाच बैठकीतली, एकाच कोठडीतली आहेत. त्यात निमे संतुष्ट व निमे आकांक्षी असे काही नाही. तो दोन्ही बाबतींत पुरता टोकाला गेलेला आहे.

त्या पत्रातील 'शिकलो' या क्रियापदाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. संतोष हा पौलाला जन्मतः मिळालेला स्वभाव नव्हता. ती त्याने कमावलेली विद्या होती, आणि उपासमार व सुबत्ता या दोन्ही शाळांत तो ती शिकला. संतोषासाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो स्टोइक तत्त्वज्ञांच्या पेठेतला आहे. स्वतःखेरीज कशाचीही गरज न भासणारी स्वयंपूर्णता हा त्याचा तेथला अर्थ. पौलाने तो शब्द उचलला आणि त्याचा आधार बदलला. बळ आपले नव्हे, बळ देणाऱ्याचे, असे त्याने लगेचच सांगून टाकले. महत्त्वाकांक्षेच्या शब्दाची कथा तर याहून विस्मयकारक आहे. मान मिळवण्याची ईर्षा, या अर्थाचे जे क्रियापद ग्रीक नगरांत दानशूर व पुढारी यांच्याविषयी वापरीत, तेच पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात वापरले आहे. आणि ईर्षा कशाची धरावी म्हणून सांगितले, तर शांतपणे राहण्याची, आपापला उद्योग करण्याची व आपल्या हातांनी काम करण्याची. आमच्या मराठी बायबलात हा विरोधाभास पुरता उतरलेला नाही, आणि त्यात भाषांतरकारांचा दोष नाही, कारण 'महत्त्वाकांक्षा' हा आपला शब्दच मुळी मोठेपणाला चिकटलेला आहे. त्यातून मोठेपणा काढून घेतला तर नुसती आकांक्षा उरते.

आता या प्रश्नाला खोताच्या वाडीची पार्श्वभूमी का, हे सांगितले पाहिजे. वाडीचे नावच मुळी महसुलाच्या भाषेतले आहे. खोत म्हणजे सरकार व कूळ यांच्यामध्ये उभा राहून सारा वसूल करणारा वतनदार; आणि दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही मिळकत. त्यांनी येथील भूखंड स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले, आणि त्या भूखंडांवर लाकडी कठड्यांची, बाहेरून जिना चढणारी, कौलारू घरे उभी राहिली. ही कुटुंबे मराठी बोलणारी, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली, येथल्याच मातीतली. त्यांची ओळख कित्येक वर्षे फक्त जातीची, गावाची व चर्चची होती. पुढे कोकणच्या दक्षिणेकडून, गोव्याहून व मंगळुराहून, शिकलेले कॅथलिक तरुण मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी शोधीत येऊ लागले, तेव्हा साऱ्यांची नावे सारखीच, पेद्रू आणि फर्नांडिस, यामुळे कचेरीतल्या साहेबाला कोण कुठला हे कळेना. आणि ब्रिटिश मुंबईतील सर्वांत जुनी कॅथलिक रयत आपण असताना नोकऱ्या मात्र परक्यांना जातात, अशी भावना येथल्या लोकांत बळावली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी आपली संस्था काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची छाया त्या नावात उघड आहे, आणि ती हेतुपुरस्सर आणलेली होती.

एखाद्या समाजाने आपले नाव नोकरीच्या अर्जावर शोभावे म्हणून घेतले, याला नुसती महत्त्वाकांक्षा म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या घरात बापाला वाचता येत नव्हते त्या घरातल्या मुलाने कचेरीत खुर्चीवर बसावे अशी इच्छा धरणे हे पाप असेल, तर धन्याने परगावी जाताना दासांच्या हवाली केलेल्या रकमांचा जो दाखला मत्तयाने दिला आहे त्याचा अर्थच मला कळलेला नाही. त्या दाखल्यातला जो दास आपली रक्कम जमिनीत पुरून ठेवतो तो संतुष्ट नव्हता, तो भ्यालेला होता. आणि हे तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. मात्र त्याच वेळी मला बारूखची आठवण होते. यिर्मया संदेष्ट्याचा हा लेखनिक, आमच्या वाडीतल्या बहुसंख्य पुरुषांसारखाच दुसऱ्याचे शब्द लिहून घेणारा माणूस, आपल्या वाट्याला विश्रांती नाही म्हणून कण्हत होता, आणि परमेश्वराने त्याला निरोप धाडला, की तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधू नकोस. त्या निरोपातील 'स्वतःसाठी' हे पद गाळून पुष्कळांनी तो वाचला आहे. नोकरीसाठी घेतलेले नाव हे समाजासाठी घेतलेले होते, तोवर त्यात एक प्रकारची सचोटी होती; ते नाव शेजारच्या गोवेकराला कमी लेखण्यासाठी वापरले जाऊ लागले तेव्हा ती सचोटी गेली. आमच्या लग्नसोयरिकींत हा दोष मी कित्येक वेळा डोळ्यांनी पाहिला आहे व त्याबद्दल मला खेद वाटतो.

दुसऱ्या एका दोषाबद्दल मात्र खेद नव्हे, राग येतो, आणि तो येथे लपवीत नाही. संतोषाचा उपदेश बहुधा पोट भरलेल्यांनी उपाशी माणसांना केलेला आहे. कामगाराने पगारात समाधान मानावे, विधवेने आपल्या दैवात समाधान मानावे, धाकट्या जातीने आपल्या जागेत समाधान मानावे, हा उपदेश चर्चमध्ये झाला आणि देवळातही झाला. पौल असे कधी करीत नाही. आपल्या बेड्यांविषयी तो 'पुरे' म्हणतो. यरुशलेमेतील गोरगरिबांसाठी मात्र तो मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करीत हिंडतो. माझा असा सिद्धान्त होऊन बसला आहे, आणि या पुस्तकाचा कणा तोच आहे, की 'पुरे' हा शब्द मनुष्याने केवळ स्वतःविषयी उच्चारावा. दुसऱ्याच्या ताटाविषयी तो उच्चारण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही.

या सिद्धान्ताची साक्ष द्यायला दूर जावे लागत नाही. वाडीतून निघून चौपाटीच्या दिशेने चालू लागले तर दहापंधरा मिनिटांत आपण त्या परिसरात पोहोचतो, जेथे ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला होता. अमेरिकेत हिंडून त्यांनी जी मदत उभी केली तिच्या जोरावर, दहा वर्षांच्या आश्वासनानिशी, हे विधवांचे घर उभे राहिले. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच घरातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढल्याच वर्षी सदन पुण्याला गेले, १८९३ साली धर्मांतराच्या प्रवादावरून रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि एखाद्या सामान्य शीलाच्या माणसाने अशा वेळी जे आहे त्यात समाधान मानले असते. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणवल्या आणि मुक्तिसदन वसवले. त्यांच्या आकांक्षेला सीमा म्हणून नव्हती: संस्कृताची पंडिता असलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक हाती धरून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचा घाट घातला, सदनातल्या मुलींना खिळे जुळवायला शिकवले आणि स्वतःच्या छापखान्यात ते छापायला घेतले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

या बाई संतुष्ट होत्या की महत्त्वाकांक्षी, असा प्रश्न कोणी मला केला तर मी त्याला त्यांची राहणी दाखवीन व त्यांची वसाहत दाखवीन. पांढरे जाडेभरडे लुगडे आणि शेकडो मुलींच्या भाकरीचा हिशेब. स्वतःच्या गरजा त्यांनी इतक्या कमी केल्या की हात रिकामे झाले, आणि रिकामे हात फार मोठे ओझे उचलू शकतात. ज्याला स्वतःसाठी काही हवे आहे त्याची भीती कोठेतरी शिल्लक राहते. रमाबाईंना भिववायला कोणापाशी काही उरले नव्हते.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण इतके सरळ नाही, म्हणून ते मला अधिक जवळचे वाटते. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत, कवी, उपदेशक व 'ज्ञानोदया'चे संपादक म्हणून त्यांची वीसबावीस वर्षे गेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे म्हणणारा हा पुरुष. आणि तुकोबांची समाधानाची शिकवण ज्याच्या कानात लहानपणापासून रुजलेली, त्याच्या मनाला मात्र स्वस्थता माहीत नव्हती. पैसा आला की तो दुसऱ्याच्या घरी जाई, घर मांडले की मोडावे लागे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हा सारा संसार कसा ओढला ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी व तिचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, कोणी कोणाचा धनी नसावा, अशी त्यांची कल्पना होती. एका बाजूने पाहिले तर हे सर्वस्वाचे 'पुरे' होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर साऱ्या हिंदुस्थानच्या ख्रिस्ती जीवनाचे रूप पालटण्याची ती आकांक्षा होती, आणि तिच्याएवढी मोठी आकांक्षा त्यांनी पगारी असताना धरली नव्हती. दीडदोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत निवर्तले. दरबार त्यांच्या पश्चात तग धरू शकला नाही.

हा पराभव होता काय, याचा निकाल मी पुढे एका स्वतंत्र प्रकरणात माझ्या मतीप्रमाणे दिला आहे. येथे 'ख्रिस्तायना'विषयी मात्र थोडे लिहितो. टिळकांनी या महाकाव्याचे दहा-साडेदहा अध्याय लिहून ठेवले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या, शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी. १९३६ साली त्या गेल्या, आणि ग्रंथ १९३८ साली छापून निघाला. ज्याने आरंभ केला त्याने शेवट पाहिला नाही, आणि जिने शेवट केला तिने पुस्तक पाहिले नाही. आपले काम आपल्या हयातीत आपल्या नावावर पुरे झालेच पाहिजे, हा हट्ट ज्याला सोडता येतो त्यालाच एवढे लांब पल्ल्याचे काम हाती घेता येते, असे मला या दोघांकडे पाहून वाटते.

सार्वजनिक जीवनातल्या आकांक्षेसाठी आमच्याच समाजातला एक दाखला आहे, तो धावता देतो. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना मुंबईने 'काका' म्हटले, ते लोकमान्यांचे सहकारी, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. नोकरीसाठी नाव बदलणाऱ्या समाजातूनच, नोकरी देणाऱ्या सरकारशी भांडणारा हा माणूस निघाला. ज्या आकांक्षेची सुरुवात स्वतःच्या जमातीच्या पोटापासून होते ती तेथेच थांबली पाहिजे असे नाही.

आणि आता आजची वाडी. एकेकाळी येथे पासष्टएक घरे होती; आज तिसांहून कमी उरली आहेत, आणि जी गेली त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. विकणाऱ्याला लोभी म्हणणे आणि राहणाऱ्याला संतुष्ट म्हणणे बाहेरून आलेल्या पाहुण्यास फार सोपे असते. तो छायाचित्र काढून निघून जातो. चार भावांच्या नावावर असलेल्या घराचे वासे वाळवीने पोखरलेले, एक भाऊ आजारी, दुसरा परदेशी, आणि कौले शाकारायला पैसा नाही, अशा घराने दस्तऐवजावर सही केली तर तिला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. उलट सोन्यासारखे घर सांभाळून बसलेल्या एखाद्याच्या मनात तेच घर हा देव झालेला असतो. त्यालाही मी संतोष म्हणणार नाही. माणसाच्या हातात काय आहे यावरून त्याचा संतोष मोजता येत नाही. ते हातातून काढून घेतले असता तो काय करतो, यावरून मोजता येतो.

माझ्या वडिलांवर ही वेळ उलट्या बाजूने आली. त्यांना बढतीचा हुकूम आला. पगार वाढणार होता, पण बदली घाटापलीकडची होती. त्यांनी अर्ज देऊन ती नाकारली, आणि त्या रात्री आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ते संतुष्ट होते की त्या दाखल्यातल्या दासासारखे भ्याले होते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही; बहुधा दोन्ही होते, आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत ही दोन धान्ये एकाच सुपात मिसळलेली असतात. त्याच उन्हाळ्यापासून आईने बाटली मसाला विकण्यासाठी करायला घेतला. गल्लीत चटयांवर मिरच्या व धणे वाळत, कुटणाऱ्या बायका दुपारभर उखळापाशी असत, आणि आई धुऊन कोरड्या केलेल्या तपकिरी बाटल्यांत तो लाल भुगा काठीने ठासून भरी, इतका घट्ट की हवेला जागा राहू नये, आणि मग कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडी. त्या बाटल्यांतून माझी बहीण परिचारिका झाली. मला मात्र डॉक्टर करायचे तिने ठरवले होते, आणि मी झालो नाही, याबद्दल तिने मला फार उशिरा क्षमा केली. जब्दीच्या मुलांची आई येशूपाशी येऊन आपल्या दोन मुलांसाठी उजवी व डावी जागा मागते, ती कथा वाचताना मला माझी आई दिसते. तेथे मागणे दुसऱ्यासाठीच होते, आणि तरी ते स्वतःसाठी होते. वर मांडलेला माझा सिद्धान्त येथे अडखळतो, हे मी जाणतो. येशूने त्या बाईला झिडकारले नाही. तिच्या मुलांना त्याने प्याल्याविषयी विचारले.

दर मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी लादीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होत असे. मेणबत्त्यांच्या उजेडात म्हाताऱ्या बायका पुढे म्हणत व बाकीचे मागून म्हणत, आणि शेवटी उकडलेल्या चण्यांचे पातेले निघे. चणे वाटायचे काम वर्षानुवर्षे माझ्या वडिलांकडे होते. सदऱ्याच्या बाह्या दुमडून ते पातेल्यापाशी उकिडवे बसत, आणि आम्ही पोरे ओंजळी करून रांगेने पुढे सरकत असू. घरी प्रत्येक घासाला 'पुरे' म्हणणारे वडील तेथे तो शब्द कधी काढीत नसत. चणे बोटांच्या फटींतून ओट्यावर सांडू लागले तरी त्यांचा हात चालूच राही, आणि आपण ओंजळ मागे घेईपर्यंत ते दुसऱ्या मुलाकडे वळत नसत.